लेकरू बरे झाले. आपण केव्हा बरे होणार?

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख मागितला, तेव्हा मधुमेह, रक्तदाब आणि रोजच्या चालण्याचे फायदे या परिचित विषयांवर चार पाने लिहून मोकळे व्हावे, असे आम्ही प्रथम ठरविले होते. तीस वर्षे वैद्यकी केलेल्या माणसाला ते अवघड नाही. परंतु कागद पुढे ओढल्यावर लेखणी तिकडे वळेना. जी गोष्ट आम्ही उभयतांनी गेली पंधरा वर्षे या मंडळातील एकाही कुटुंबाला मोकळेपणाने सांगितली नाही, तीच सांगावी, असे मन घेऊ लागले. आमच्या कन्येच्या हृदयावर दोन वेळा शस्त्रक्रिया झालेली आहे. पहिली २०१० च्या एप्रिलमध्ये, ती पाच महिन्यांची असताना; दुसरी २०२३ च्या जूनमध्ये, ती तेरा वर्षांची असताना. आज ती ठणठणीत आहे. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शस्त्रक्रियेनंतर मूल आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर बरे होते. आईबाप मात्र फार उशिरा बरे होतात. आणि बरे न झालेले आईबाप बऱ्या झालेल्या मुलाला आजारीच ठेवतात. या अवस्थेतून बाहेर पडण्यासाठी चार माणसांचा आधार लागतो. परंतु माणसे आधाराला येण्यापूर्वी त्यांना काही कळावे तर लागते! आम्ही ते कळू दिले नाही. ही आमची चूक होती, आणि ती चूक इतर कोणी करू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उकिडवा बसणारा सवंगडी

आमचे बालपण भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. वस्तीत आमचा एक सवंगडी होता. शिवणापाणी खेळताना दहा-वीस पावले धावला की तो मध्येच उकिडवा बसे, गुडघे पोटाशी घेई आणि धापा टाकी. त्याचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत. आम्ही मुले त्याला हसत असू. मोठी माणसे म्हणत, पोराला बाहेरची बाधा आहे. अंगारे झाले, धुपारे झाले. चौथीचे वर्ष संपण्यापूर्वी तो गेला.

पुढे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एके दिवशी प्राध्यापकांनी जन्मजात हृदयदोषाचे वर्णन करताना सांगितले, की अशी मुले धावल्यावर आपण होऊन उकिडवी बसतात. पाय दुमडले की पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाटेत अडथळा वाढतो, आणि त्यामुळे अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. त्या बालजीवाने आपला उपचार आपणच शोधून काढला होता. आम्हांला त्या व्याख्यानातले पुढचे काही ऐकू आले नाही.

या दोषाला टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात. १८८८ साली फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. फॅलो यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनीचे मूळ त्या छिद्रावर सरकलेले, आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून जाड झालेला उजवा कप्पा, अशी ही चौकडी आहे. निळे, म्हणजे प्राणवायू नसलेले रक्त फुप्फुसांत न जाताच शरीरात शिरते आणि बालकाचे ओठ, नखे निळी पडतात. ज्या निळ्या रंगाचा ध्वज पाहून आपली मान ताठ होते, तोच रंग आपल्या लेकराच्या ओठांवर दिसणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते.

जन्मजात हृदयदोष ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. जन्मणाऱ्या साधारण शंभर बालकांमागे एकाला हृदयाचा कोणता ना कोणता लहानमोठा दोष असतो. म्हणजे आपल्या मंडळाच्या मेळाव्यात जमणाऱ्या कुटुंबांमध्येही असे एखादे घर असणे संभवते. ते घर बोलत नाही, इतकेच.

दोष कोणाचा?

आमची कन्या २००९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत जन्मली. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना तिच्या छातीत अनावश्यक आवाज ऐकू आला. आम्ही स्वतः डॉक्टर. दिवसभर परक्यांच्या छातीला नळी लावणारे. परंतु आपल्या लेकीच्या छातीला ती लावण्याचे आम्हांला सुचले नव्हते. निदान ऐकल्यावर तिच्या आईच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो हा: "माझ्या हातून काय चुकलं?"

हा प्रश्न पुढे पुष्कळांनी विचारला, आणि तो नेहमी तिलाच विचारला. गावाकडून फोन आला, की जुलैमध्ये ग्रहण होते, ते पाळले नव्हते का? वाचकांना स्मरत असेल, २२ जुलै २००९ रोजी भारतात सूर्यग्रहण झाले होते. ते अमेरिकेतून दिसलेच नाही, ही गोष्ट एकवेळ सोडून द्या. परंतु गर्भाचे हृदय पहिल्या आठ आठवड्यांतच घडून जाते. जुलैमध्ये पाचवा महिना चालू होता. म्हणजे जे व्हायचे ते ग्रहणापूर्वी कितीतरी आधी होऊन गेले होते. बहुतेक वेळा या दोषाचे नेमके कारण सापडत नाही. काही बालकांमध्ये गुणसूत्रांतील बदल आढळतो. आईने काय खाल्ले, कोठे बसली, कशाकडे पाहिले, याचा संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही बाईला असा प्रश्न विचारला जातो, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

मात्र स्वतःला या प्रसंगातून वगळण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमच्या मातोश्री १९५६ साली, अकरा वर्षांच्या असताना, आपल्या वडिलांबरोबर पायी चालत नागपूरला दीक्षाभूमीवर आल्या होत्या. त्यांनी आयुष्यात कधी नवस केला नाही. पहिल्या शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी नागपूरहून येणाऱ्या एका परिचिताच्या हाती त्यांनी एक पुडी पाठविली. आत काळा दोरा होता. आम्ही रागावून फोन केला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "दोऱ्यावर माझा विश्वास नाही, बाबू. पण एवढ्या दूर पाठवाले माझ्यापाशी दुसरं होतंच काय?"

तो दोरा आम्ही फेकला नाही आणि बांधलाही नाही. पुष्कळ दिवस तो टेबलाच्या खणात होता. अंधश्रद्धेवर भाषणे आम्ही बरीच दिली आहेत, परंतु आईच्या त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आज ते थोडेबहुत सापडले आहे, असे वाटते. भीतीने व्याकूळ झालेल्या माणसाच्या हातातील दोरा हिसकावून घेणे सोपे आहे. त्या हातात दुसरे काही देणे, हे समाजाचे काम आहे. जो समाज ते देत नाही, त्याला दोऱ्याची निंदा करण्याचा अधिकार अर्धाच उरतो.

प्रतीक्षागृहातील आजीबाई

२०१० ची शस्त्रक्रिया एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही का आलो नाही, असे ज्यांनी विचारले, त्यांना "बाळाला न्यूमोनिया झाला होता" असे सांगितले. कारण स्पष्टच सांगतो. हृदयात छिद्र असलेली मुलगी, पुढे तिच्या लग्नाचे कसे होणार, हा विचार आम्हां दोघांच्याही मनात होता. परिणाम असा झाला, की शस्त्रक्रियेच्या त्या सहा तासांत प्रतीक्षागृहात आमच्या शेजारी आपले कोणीही नव्हते.

होत्या त्या एक कृष्णवर्णीय आजीबाई. त्यांचा नातू आत होता. त्यांनी आम्हांला नाव-गाव विचारण्यापूर्वी डब्यातील भाकरीसारखा मक्याचा पाव आणि सूप पुढे केले. गप्पांच्या ओघात त्या म्हणाल्या, "या शस्त्रक्रियेच्या मुळाशी आमचा एक माणूस आहे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. तुम्ही तर डॉक्टर आहात." आम्हांला ठाऊक नव्हते. परीक्षेसाठी ब्लेलॉक आणि टाउसिग ही दोन नावे आम्ही पाठ केली होती. तिसरे नाव आमच्या पुस्तकात नव्हते.

ते तिसरे नाव व्हिव्हियन थॉमस. १९१० साली जन्मलेला हा तरुण सुतारकाम करून वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवीत होता. १९२९ नंतरच्या मंदीत बँक बुडाली आणि ते पैसे गेले. १९३० मध्ये तो डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. काम संशोधकाचे आणि हुद्दा झाडूवाल्याचा, अशी त्याची स्थिती होती. १९४१ मध्ये ब्लेलॉक यांच्यासमवेत तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आला. निळ्या बालकांच्या फुप्फुसांकडे अधिक रक्त पोहोचवावे, ही कल्पना डॉ. हेलन टाउसिग यांची. या बाई कानांनी अधू होत्या आणि हाताच्या स्पर्शाने हृदयाचे ठोके जाणून घेत. ती कल्पना कुत्र्यांवर प्रयोग करून, सुया आणि चिमटे स्वतः घडवून, प्रत्यक्षात आणली थॉमस यांनी. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस ब्लेलॉक यांच्या पाठीमागे एका स्टुलावर उभे राहून टाका कसा घालावा, हे सांगत होते. १९४५ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचे नाव नव्हते. संस्थेने त्यांचे तैलचित्र लावले ते १९७१ मध्ये, आणि सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. आता कोठे वैद्यकीय ग्रंथांत त्या शस्त्रक्रियेला तिघांचीही नावे दिली जाऊ लागली आहेत.

ज्याला दवाखान्याच्या पुढच्या दाराने प्रवेश नव्हता, त्याने जगातील हजारो लेकरांना श्वास दिला. हा इतिहास आपल्या मुलांना सांगितला पाहिजे. ज्ञानाची दारे बंद करून समाज कोणाचे नुकसान करतो, तर शेवटी आपल्याच लेकरांचे करतो, हे बाबासाहेबांनी आपल्याला दुसऱ्या शब्दांत शिकविलेलेच आहे.

शरीर सहा आठवड्यांचे, मन सहा महिन्यांचे

फॅलोच्या दोषावर एक शस्त्रक्रिया होऊन प्रकरण मिटते, असे अनेकांना वाटते. तसे नसते. अरुंद वाट रुंद करताना पुष्कळदा फुप्फुसाच्या धमनीची झडप निकामी होते. रक्त थोडे थोडे मागे येत राहते, उजवा कप्पा वर्षानुवर्षे ताणला जातो, आणि कुमारवयात किंवा पुढे केव्हातरी नवी झडप बसवावी लागते. आमच्या कन्येला ती २०२३ मध्ये बसविली. मंडळात सांगितले, की सुट्टीत भारतात जाणार आहोत.

ही झडप गाईच्या हृदयावरणापासून बनविलेली आहे. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आमच्या पूर्वजांच्या माथी मारले आणि त्याच कामावरून त्यांना अस्पृश्य ठरविले. त्याच जनावराच्या शरीरातील एक पापुद्रा आज त्यांच्या पणतीच्या छातीत मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा उघडझाप करतो. विज्ञानाला विटाळ ठाऊक नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचे वर्णन मुद्दाम करतो, कारण ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांना ते उपयोगी पडेल. पहिल्या दिवशी अतिदक्षता विभागात मूल ओळखू येत नाही. चेहरा सुजलेला, छातीतून रक्तपाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, मानेत आणि मनगटात सुया, भोवती सारखी वाजणारी यंत्रे. त्यातील बरेचसे आवाज धोक्याचे नसतात. परिचारिकेचा चेहरा पाहावा, पडद्यावरचे आकडे पाहू नयेत. संध्याकाळी श्वासाची नळी निघाली आणि तिने घोगऱ्या आवाजात बर्फाचा खडा मागितला. दुसऱ्या दिवशी तिला खुर्चीत बसविले. तिसऱ्या दिवशी परिचारिकेचा हात धरून ती दालनाच्या टोकापर्यंत चालली. सहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. छातीचे हाड कापून तारेने बांधलेले असते. ते सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत जड वस्तू उचलायची नाही, दप्तर पाठीवर घ्यायचे नाही, आणि लहान मूल असेल तर त्याला काखेत हात घालून उचलायचे नाही. एक हात मानेखाली आणि एक बुडाखाली घालून अलगद घ्यायचे. ताप, दम लागणे, जखमेतून पाणी येणे, मूल सुस्त होणे, यांपैकी काहीही दिसले तर विनाविलंब डॉक्टरांना कळवायचे.

एवढे शरीराचे. मनाचे वेळापत्रक निराळे असते. पहिले काही आठवडे ती रात्री दचकून उठे. क्षुल्लक कारणावरून रडे. एकदा दिवसभर कोणाशी बोलली नाही. हे सारे अपेक्षित असते आणि बहुतेक मुलांमध्ये ते निवळते. न निवळल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. ऑगस्टअखेर शाळा सुरू झाली, तेव्हा ती जिना धावत चढू लागली होती.

आजारी होतो ते आम्ही. रात्री दोन-तीन वेळा उठून तिच्या उशाशी उभे राहायचे आणि पांघरूण वर-खाली होते की नाही, ते पाहायचे. बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र आम्ही खिशात बाळगू लागलो. जेवताना, अभ्यास करताना, "जरा बोट दे पाहू." एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे बघता की माझ्या बोटाकडे?" आम्ही निरुत्तर झालो. तरीही सुधारलो नाही. तीन महिन्यांच्या तपासणीच्या वेळी हृदयरोगतज्ज्ञांकडे आम्ही विनंती केली, की तिला शाळेतील व्यायामाच्या तासातून सूट देणारे पत्र द्यावे. त्यांनी शांतपणे सांगितले, "तिला पळायला मनाई करण्याचे कोणतेही कारण माझ्यापाशी नाही. तुमच्यापाशी असेल तर सांगा." आमच्यापाशी कारण नव्हते, भीती होती. रुग्णांच्या आईवडिलांना जे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, ते स्वतःला सांगता आले नाही. वैद्यकीय पदवी बापाच्या कामी येत नाही.

अशा शस्त्रक्रियेनंतर आईबापांच्या मनावर, मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसाच्या मनावर राहतो तसा आघात राहू शकतो, हे वैद्यकशास्त्राने आता मान्य केले आहे. त्यावर उपचार आहेत. पहिला उपचार म्हणजे बोलणे.

व्रण आणि आडनाव

२०२४ च्या जयंतीच्या कार्यक्रमात मुलींचे समूहनृत्य होते. पोशाखाचा गळा थोडा मोठा होता. तिच्या छातीवर मधोमध उभा व्रण आहे. तिच्या आईने आदल्या रात्री गळ्याला आतून कापडाची पट्टी शिवली. तोपर्यंत तिचे सारे कपडे असेच गळाबंद शिवले किंवा घेतले जात. तिने ती पट्टी पाहिली आणि आमच्याकडे वळून विचारले, "बाबा, तुम्ही खोली शोधताना आडनाव लपवलं होतं ना? तेव्हा तुम्हांला कसं वाटलं होतं?"

हे आम्हीच तिला कधीतरी सांगितले होते. १९९३ साली पदव्युत्तर शिक्षणासाठी आम्ही एका नव्या शहरात गेलो, तेव्हा तीन घरमालकांनी आडनाव ऐकून खोली नाकारली. चौथ्याला आम्ही दुसरेच आडनाव सांगितले. त्या खोलीत दहा महिने राहिलो. बाबासाहेबांचे छायाचित्र ट्रंकेत, कपड्यांच्या खाली होते. दाराची कडी वाजली की छातीत धस्स होई. त्या दहा महिन्यांत आमचे कोणी काही वाकडे केले नाही. जे वाकडे झाले ते आमचे आम्हीच केले.

आम्ही आणि तिची आई त्या रात्री बराच वेळ बोललो. व्रण दाखवावा की झाकावा, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या अंगावर तो आहे त्याचाच. एखाद्या मुलीला तो झाकावासा वाटला, तर तो तिचा प्रश्न. परंतु आईबापांनी लाजेपोटी तो झाकायला लावणे म्हणजे मुलाला असे शिकविणे, की तुझ्या शरीरात जी गोष्ट तुला जगवून गेली, तीच तुझी खोट आहे. जन्माने मिळालेल्या गोष्टीची लाज बाळगायला लावण्याचा धंदा या देशी-विदेशी समाजाने आपल्याशी पुष्कळ केला. तो आपण आपल्या लेकरांशी करावा काय? पट्टी उसवली गेली. नृत्य झाले. कोणी काही विचारले नाही. एका भगिनीने मात्र नंतर बाजूला घेऊन आमच्या पत्नीला सांगितले, की त्यांच्या मुलाच्याही हृदयात छिद्र होते आणि त्यांनीही आजवर ते कोणाला सांगितले नव्हते. पंधरा वर्षे आम्ही दोन्ही कुटुंबे एकाच सभागृहात, एकाच रांगेत बसत होतो!

किसा गोतमीची कथा आपण सारे जाणतो. मेलेले बाळ कडेवर घेऊन ती भगवान बुद्धांकडे आली, तेव्हा ज्या घरी मृत्यू झालेला नाही अशा घरातून मोहरी आणण्यास त्यांनी सांगितले. या कथेचा बोध आपण अनित्यतेपुरता घेतो. आम्हांला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती दार लावून रडत बसली नाही. दारोदार फिरली, आणि प्रत्येक घराने तिला आपले दुःख सांगितले. घरांनी दुःख लपविले असते, तर ती शहाणी कशी झाली असती?

बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार अपत्ये बालपणीच गेली. १९२६ मध्ये राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेबांनी आपले दुःख एका स्नेह्याला पत्रातून कळविले. ज्यांनी जगाशी झुंज घेतली, त्यांनाही बाप म्हणून कोणापाशी तरी मन मोकळे करावेसे वाटले. मग आपण कोणत्या मोठेपणासाठी मूग गिळून बसतो?

आपण काय पाठवू शकतो?

आमच्या मातोश्रींच्या प्रश्नाकडे परत येतो. दूरच्या माणसाला पाठविण्यासारखे आपल्यापाशी काय आहे? पुष्कळ आहे.

पहिले रक्त. अशा शस्त्रक्रियेत बालकाला अनेकदा परक्याचे रक्त द्यावे लागते. आमच्या कन्येला दोन्ही वेळा ते लागले. कोणाचे, ते आम्हांला कधीच कळणार नाही. याच देशात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेडक्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त वेगळे ठेवण्याचा नियम केला होता. रक्तपेढीच्या कार्यात अग्रेसर असलेले कृष्णवर्णीय डॉक्टर चार्ल्स ड्रू यांनी त्याला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले. तो नियम १९५० मध्ये रद्द झाला. भारतात आपले लोक १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिरे भरवितात. येथेही आपल्या मंडळाने जयंतीनिमित्त ते नियमाने करावे.

दुसरे, वेळ. शस्त्रक्रिया असलेल्या घरी दुसरे मूलही असते. आमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याला शाळेत कोण सोडणार, हा प्रश्न आम्हांला शस्त्रक्रियेइतकाच छळीत होता. त्याला सोडणे-आणणे, दोन वेळचा डबा, इस्पितळात नुसते शेजारी बसणे, याची पाळी चार कुटुंबांनी वाटून घेतली तर ते घर उभे राहते. कारण विचारू नये, उपाय सुचवू नयेत, "माझ्या ओळखीतल्या एकाचे असेच झाले" हे तर मुळीच सांगू नये.

तिसरे, स्मरण. मूल बरे दिसू लागले की तपासण्या सुटतात. विशेषतः अठरा वर्षांनंतर, मुले महाविद्यालयासाठी दूर गेली की हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचे राहून जाते. हे धोक्याचे आहे. शस्त्रक्रिया झालेल्या हृदयाची तपासणी आयुष्यभर करावी लागते. कृत्रिम झडप असलेल्यांनी दातांच्या उपचारापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविक घ्यावे लागते, आणि मुलींनी गरोदरपणाचा विचार करण्यापूर्वी तज्ज्ञांशी बोलावे लागते. अशा मुली शिकतात, नोकरी करतात, विवाह करतात, त्यांतील अनेकजणी माता होतात. स्थळे पाहणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

चौथे, मायदेशातील लेकरे. २०१३ पासून भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत आणि शासकीय शाळांत बालकांची तपासणी होते व दोष आढळल्यास मोफत उपचाराची सोय आहे. परंतु लेकराच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये मोठ्या शहरांत आहेत. शेतमजूर आईबापांनी तेथे कसे जावे, आठ-पंधरा दिवस कोठे राहावे, तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी कोणी द्यावी? शस्त्रक्रिया मोफत असूनही लेकरू तेथवर पोहोचत नाही, ते या कारणांनी. आपल्या मंडळाचा निधी दरवर्षी सभागृह, भोजन आणि स्मरणिका यांवर खर्च होतो. त्यातील एक ठरावीक हिस्सा अशा कुटुंबांच्या प्रवासासाठी आणि निवासासाठी राखून ठेवावा, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. वाचकांनी त्याला अनुमोदन द्यावे, ही विनंती.

हा लेख छापण्यास परवानगी देताना आमच्या कन्येने एक अट घातली होती: लेखात तिच्यासाठी "बिचारी" हा शब्द कोठेही येता कामा नये. ही अट आम्ही पाळली आहे. गेल्या वर्षापासून ती शाळेच्या धावण्याच्या चमूत आहे. ती पहिली येत नाही. बहुधा मागच्या दहा-बारा जणींत असते. आम्ही अंतिम रेषेपाशी उभे असतो. यंत्र घरी ठेवून जातो. ती वळणावर दिसेपर्यंत छातीत अजूनही धडधडते, परंतु ते आमचे दुखणे आहे आणि त्याच्यावर आमचे उपचार चालू आहेत.

ज्या कुटुंबांनी आजवर असेच काही मनात ठेवले असेल, त्यांनी आमचे दार केव्हाही ठोठवावे. चहा तयार असेल, आणि ऐकून घेण्यास आम्ही दोघेही असू.

जय भीम!